दूरचित्रवाणी-नाट्य : प्रेक्षकसंख्या आणि तबकडी

१

रंगभूमीवरील प्रयोग संपला म्हणजे तो प्रेक्षकाच्या स्मृतीतच उरतो. तथापि नाटकाची संहिता छापलेली असते, आणि प्रयोग न पाहिलेल्या समीक्षकालाही तिच्या आधारे त्या कृतीशी पुनःपुन्हा संबंध जोडता येतो. दूरचित्रवाणीसाठी निर्माण झालेल्या नाट्याला आरंभीची काही दशके हा आधारही नव्हता. ते प्रयोगासारखेच क्षणजीवी होते. त्याची संहिता क्वचितच ग्रंथरूप घेई, आणि घेतली तरी चित्रचौकटीतून साकार होणारे नाट्य तीत पुरते उतरत नसे. अशा कृतीच्या मागे जे उरे ते बहुधा एका संख्येच्या रूपात : अमुक दिवशी अमुक लक्ष लोकांनी ती पाहिली, एवढेच. पुढे घरी ठेवून हवी तेव्हा पाहता येईल अशी तबकडी बाजारात आली आणि तिच्याबरोबर दुसरी संख्या आली : किती संच विकले गेले, ही.

या दोन्ही संख्या लोकप्रियतेची मापे म्हणून सर्रास एकमेकींशेजारी मांडल्या जातात. एकीवरून दुसरीचा पडताळा घेतला जातो, आणि 'प्रक्षेपणात अपयशी, परंतु तबकडीवर यशस्वी' अशा मालिकांविषयी नवल व्यक्त केले जाते. परंतु या संख्या दोन निरनिराळ्या व्यवहारांतून निघालेल्या आहेत. पहिल्या व्यवहारात प्रेक्षक हा बहुधा विकला जाणारा माल असतो. दुसऱ्यात तो स्वतः ग्राहक असतो. शिवाय घरी पाहावयाच्या मुद्रणाने, आणि विशेषेकरून तबकडीने, दूरचित्रवाणी-नाट्याला वाचकाच्या हाती राहील असा 'पाठ' मिळवून दिला. आणि जेथे पाठ असतो तेथे पाठभेद, प्रक्षेप व लोप हे प्रश्नही येतातच. साहित्यसमीक्षेला चिरपरिचित असलेले हे प्रश्न या क्षेत्रात कसे उभे राहतात, ते काही उदाहरणांवरून पाहता येईल.

२

प्रथम प्रेक्षकसंख्येचा विचार करू जाता असे दिसते की, ती शिरगणती नसून अनुमान असते. अमेरिकेत नील्सन या संस्थेने १९५० मध्ये दूरचित्रवाणीचे मापन सुरू केले. निवडक घरांतील संचांना यंत्र जोडून कोणती वाहिनी किती वेळ चालू होती याची नोंद होई. अन्य काही घरांतून लोक आपण काय पाहिले ते रोजनिशीत लिहून पाठवीत. १९८७ मध्ये राष्ट्रीय मापनासाठी असे यंत्र आले की, घरातील प्रत्येक व्यक्तीने पाहावयास बसताना आपल्या नावाची कळ दाबावयाची. संच चालू आहे एवढे यंत्राला स्वतःहून कळते. समोर कोणी बसले आहे हे त्याला कळ दाबल्यावाचून कळत नाही. आणि बसलेला मनुष्य पाहत आहे की पेंगत आहे, हे कळ दाबूनही कळत नाही.

या नोंदीतून दोन आकडे काढले जातात. समजा, शंभर घरांत संच आहेत, त्यांपैकी साठ घरांतील संच एका वेळी चालू आहेत, आणि सहा घरांत एक विशिष्ट नाट्य पाहिले जात आहे. तर त्या नाट्याचे प्रमाण शेकडा सहा, परंतु चालू संचांतील त्याचा वाटा शेकडा दहा. रात्री उशिरा दाखविल्या जाणाऱ्या नाट्याचे प्रमाण अल्प असूनही वाटा मोठा असू शकतो. कोणता आकडा उद्धृत केला आहे हे न सांगता केलेली तुलना म्हणूनच निरर्थक ठरते.

नमुन्याची मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील १० कोटींहून अधिक दूरचित्रवाणीयुक्त घरांचे राष्ट्रीय अनुमान सुमारे ५,००० घरांवरून काढले जाई. संख्याशास्त्राच्या नियमानुसार एवढ्या नमुन्यात शेकडा चार घरांनी पाहिलेल्या कार्यक्रमाचा आकडा दोन्ही बाजूंना सुमारे अर्ध्या टक्क्याने चुकीचा असू शकतो. म्हणजे चार टक्के आणि चार दशांश चार टक्के यांत निश्चयपूर्वक भेद करता येत नाही. पण १० कोटी घरांच्या हिशेबात तो भेद चार लाख घरांचा होतो, आणि वृत्तपत्रात छापून आला म्हणजे एका नाट्याने दुसऱ्यावर मात केल्याचा पुरावा ठरतो.

हे मापन मुळात जाहिरातदारासाठी आहे, हे त्याच्या स्वरूपावरूनच स्पष्ट होते. अमेरिकेतील मोठ्या वाहिन्यांवर १८ ते ४९ या वयोगटातील प्रेक्षकाला अधिक मोल आले, कारण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातदार अधिक पैसे मोजत. साठी उलटलेल्या रसिकाने एखादे नाट्य कितीही तन्मयतेने पाहिले, तरी या हिशेबात त्याची तन्मयता दुय्यमच राहिली. नाट्य ही येथे आमिषाची जागा घेते. विक्रीस काढली जाते ती प्रेक्षकाच्या सायंकाळची काही मिनिटे.

याहून निराळी पद्धत ब्रिटनमध्ये होती. बीबीसीने १९३६ मध्ये रॉबर्ट सिल्व्ही यांच्या नेतृत्वाखाली श्रोतृसंशोधन सुरू केले. परवान्याच्या शुल्कावर चालणाऱ्या या संस्थेला जाहिराती विकावयाच्या नव्हत्या. म्हणून लोकांना आदल्या दिवशी काय ऐकले, काय पाहिले हे विचारून संख्या तर काढली जाईच. परंतु त्याखेरीज निवडक मंडळींकडून कार्यक्रम कितपत आवडला याचे शंभरपैकी गुणही मागविले जात. किती जणांनी पाहिले आणि पाहणाऱ्यांना ते कसे वाटले, हे दोन प्रश्न वेगळे आहेत एवढी जाण या पद्धतीत होती. आस्वादाचे रूपांतर गुणांत होऊ शकते की नाही हा वाद्य विषय आहे. पण आस्वाद आणि उपस्थिती एक नव्हेत, हे तीत मान्य केलेले होते.

३

या दोन संख्यांतील भेद 'फायरफ्लाय' या अमेरिकन मालिकेच्या इतिहासात जितका ठळक दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. जॉस व्हीडन यांची ही मालिका फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू झाली. भविष्यकाळातील अंतराळयानात वावरणारी नऊ माणसे, आणि त्यांच्या जगण्याला अमेरिकेच्या जुन्या पश्चिम सरहद्दीची कळा, असे तिचे स्वरूप होते. पात्रांचा परिचय करून देणारा दोन तासांचा 'सेरेनिटी' हा भाग प्रारंभी दाखवावा या हेतूने रचलेला होता. वाहिनीने तो मागे ठेवला, दुसऱ्याच भागाने आरंभ केला, आणि परिचयाचा भाग २० डिसेंबर २००२ रोजी, म्हणजे मालिका बंद होताना, दाखविला. चित्रित झालेल्या १४ भागांपैकी ११ प्रक्षेपित झाले. सरासरी प्रेक्षक सुमारे ४७ लाख होते, आणि वाहिनीच्या हिशेबात ते अपुरे ठरले.

९ डिसेंबर २००३ रोजी चार तबकड्यांच्या संचात सर्व १४ भाग, कर्त्याला अभिप्रेत असलेल्या क्रमाने, प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २००५ पर्यंत सुमारे ५,००,००० संच खपले. त्या खपाने निर्माण झालेल्या विश्वासावर युनिव्हर्सल या चित्रसंस्थेने 'सेरेनिटी' याच नावाचा चित्रपट काढला. तो ३० सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला.

येथे आकड्यांची विसंगती प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ४७ लाख हे अपयश, आणि त्याच्या जवळजवळ एक-नवमांश असलेले ५ लाख हे यश! उलगडा व्यवहाराच्या स्वरूपात आहे. प्रक्षेपणाच्या प्रेक्षकाने वाहिनीला काहीच दिले नव्हते. त्याची एक सायंकाळ जाहिरातदाराला अत्यल्प दराने विकली जात होती, आणि त्याच वेळेत दुसरा कार्यक्रम अधिक सायंकाळी मिळवून देऊ शकला असता. तबकडी घेणाऱ्याने मात्र स्वतःच्या खिशातून पैसे दिले, घरात तिला जागा दिली, आणि ती पुन्हा पाहण्याची इच्छा बाळगली. विरळ पसरलेली आवड पहिल्या व्यवहारात पुरेशी ठरते, कारण तेथे सौम्य अनुमती आणि उत्कट प्रेम यांचे मोल सारखेच असते. दुसऱ्या व्यवहारात केवळ उत्कटतेचीच नोंद होते.

परंतु म्हणून दुसरी संख्या गुणवत्तेच्या अधिक निकट आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उपरोक्त चित्रपटाला सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर खर्च आला, आणि जगभरच्या चित्रपटगृहांतून त्याने जेमतेम तितकेच उत्पन्न मिळविले. त्यात चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता निर्मात्याच्या हाती पडले ते खर्चाहून पुष्कळच कमी. तबकडीच्या ग्राहकांचे प्रेम खरे होते. मात्र ते चित्रपटगृहे भरू शकेल एवढे विस्तृत नव्हते. प्रेक्षकसंख्येवरून मालिकेचे मूल्य ठरविण्यात जी चूक झाली, तिचीच उलटी आवृत्ती तबकडीच्या खपावरून चित्रपटाचे भवितव्य ठरविण्यात झाली. एका व्यवहाराची संख्या दुसऱ्या व्यवहाराचे भाकीत करू शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

या दोन व्यवहारांच्या मध्ये तिसरा एक आहे. एचबीओ ही वाहिनी वर्गणीवर चालते आणि जाहिराती दाखवीत नाही. तिच्यावर २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत ६० भागांनी पूर्ण झालेली 'द वायर' ही बाल्टिमोर शहरावरील मालिका प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने कधीच अग्रभागी नव्हती. पण वर्गणीदार एका कार्यक्रमासाठी नव्हे, तर संपूर्ण वाहिनीसाठी पैसे देत असल्यामुळे, अल्प परंतु चोखंदळ प्रेक्षक लाभलेली कृतीही तेथे टिकू शकली. जॉर्ज पेलेकानोस, रिचर्ड प्राइस आणि डेनिस लिहेन हे कादंबरीकार तिच्या लेखकांत होते. प्रत्येक पर्वात शहराच्या जीवनाचे एक नवे अंग घ्यावयाचे आणि आधीची सूत्रे पुढे न्यावयाची, ही तिची रचना कादंबरीच्या खंडांशी नाते सांगणारी आहे. आठवड्याला एक याप्रमाणे पाहणाऱ्याला जी सूत्रे निसटत, ती पर्वाचा संच एकत्र पाहणाऱ्याला सापडत. पुढे विल्यम ज्यूलियस विल्सन यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने हार्वर्ड विद्यापीठात तिच्या आधारे अभ्यासक्रम शिकविला. पुन्हा उघडून पाहता येईल अशी प्रत हाती असल्यावाचून असे अध्यापन कठीणच.

४

डीव्हीडी ही तबकडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली. तत्पूर्वी चित्रफिती होत्या. परंतु २०-२२ भागांचे एक पर्व चित्रफितींवर साठवावयाचे तर फडताळ भरून जाई. २००० मध्ये 'द एक्स-फाइल्स' या मालिकेचे संपूर्ण पहिले पर्व तबकड्यांच्या संचात निघाले, आणि 'पर्व' हे विक्रीचे एकक म्हणून रुजू लागले. हा बदल केवळ व्यापारी नव्हता. जोपर्यंत भाग सुटा सुटा दिसत होता तोपर्यंत समीक्षा त्या सायंकाळच्या वृत्ताहून फारशी पुढे जात नव्हती. पर्व एकसंध हाती आले तेव्हा रचना, पुनरुक्ती, पूर्वसूचना, पात्रविकास यांविषयी बोलणे शक्य झाले, आणि बोललेले तपासून पाहणेही शक्य झाले.

पाठ हाती आला तसा त्याच्या प्रामाण्याचा प्रश्नही उपस्थित झाला. 'फायरफ्लाय'चा कोणता क्रम प्रमाण मानावयाचा? प्रक्षेपणाचा क्रम ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे; २००२ मधील प्रेक्षकाने आणि टीकाकाराने तीच कृती पाहिली, आणि तिच्याविषयीचे तत्कालीन अभिप्राय त्याच क्रमाला लागू पडतात. तबकडीचा क्रम हा कर्त्याच्या हेतूचा निदर्शक आहे. ज्या समीक्षकाने तबकडी पाहून तत्कालीन टीकाकारांना अरसिक ठरविले, त्याने वेगळाच पाठ वाचला होता.

'ट्विन पीक्स' या मालिकेची कथा याच्या उलट आहे. तिचा दीर्घ आरंभभाग ८ एप्रिल १९९० रोजी दाखविला गेला; जिच्या मृत्यूभोवती सारे कथानक फिरते त्या मुलीचे शव त्यातच सापडते. २००१ मध्ये अमेरिकेत पहिल्या पर्वाचा संच निघाला तेव्हा हक्कांच्या गुंतागुंतीमुळे हाच भाग त्यात नव्हता. २००७ च्या संपूर्ण संचात तो समाविष्ट झाला. मधल्या सहा वर्षांत अमेरिकेतील तो संच घेणाऱ्याच्या हाती आरंभ खंडित झालेली पोथी होती.

संगीताचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'द वंडर इयर्स' ही १९८८ ते १९९३ या काळातील मालिका १९६०-७० च्या दशकांतील गीतांवर भावदृष्ट्या अवलंबून होती. प्रक्षेपणासाठी घेतलेले गीतांचे हक्क घरी विकावयाच्या प्रतीला पुरे पडत नाहीत; ते नव्याने विकत घ्यावे लागतात. परिणामी तिचा संपूर्ण संच निघावयास २०१४ साल उजाडले. अन्य अनेक मालिकांत मूळ गीते काढून त्यांच्या जागी दुसरी बसविण्यात आली. पडद्यावरील पात्राच्या ओठांवरचे शब्द तेच, पण प्रसंगाचा भाव निराळा, असा हा पाठभेद वरवर पाहणाऱ्याला जाणवतही नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या प्रदीर्घ काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कोणत्या पोथीत कोणता श्लोक आहे याची नोंद पानोपानी तळाशी करण्यात आली. दूरचित्रवाणी-नाट्याचे वय शंभर वर्षांचेही नाही. तरीही कोणती प्रत पाहून हे विवेचन केले आहे, एवढी किमान नोंदसुद्धा त्यावरील समीक्षेत अभावानेच आढळते.

५

पाठ मुळातच न उरणे, ही या सर्वांहून गंभीर आपत्ती. १९५३ च्या उन्हाळ्यात बीबीसीने नायजेल नील यांची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका प्रत्यक्ष प्रयोगाच्या रूपात प्रक्षेपित केली. पहिल्या दोन भागांचेच चित्रमुद्रण झाले. उरलेले चार हवेत विरले. मालिकेला सरासरी सुमारे ३९ लाख प्रेक्षक लाभले असे संशोधन-विभागाने नोंदविले. ही संख्या आजही उपलब्ध आहे. ज्याच्या प्रेक्षकांची ती संख्या आहे ते नाट्य मात्र एक-तृतीयांशच उपलब्ध आहे, आणि २००५ मध्ये निघालेल्या तबकडीवरही तेवढेच येऊ शकले.

त्याच लेखकाने जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीवरून रचलेले 'नाइन्टीन एटी-फोर' याचे दैव अधिक बलवत्तर ठरले. रुडॉल्फ कार्टियर यांनी दिग्दर्शित केलेले आणि पीटर कुशिंग यांची प्रमुख भूमिका असलेले हे नाट्य १२ डिसेंबर १९५४ रोजी रविवारी सादर झाले. त्यातील छळाच्या दृश्यांवरून वादळ उठले. संसदेत प्रस्ताव मांडले गेले. तरीही त्या काळच्या प्रथेप्रमाणे १६ डिसेंबर रोजी, गुरुवारी, नटांनी ते पुन्हा सादर केले, आणि सुमारे ७० लाख लोकांनी ते पाहिले. या दुसऱ्या प्रयोगाचे चित्रपटफितीवर मुद्रण झाले, म्हणून ते टिकले. २०२२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ते तबकडीवर आणले. म्हणजे ज्या प्रयोगाने वादळ उठविले तो कोणालाच पाहता येत नाही. वादळानंतरचा प्रयोग तेवढा पाहता येतो. या नाट्याविषयी लिहिणाऱ्याने हा भेद नजरेआड करता कामा नये.

कृती जपून ठेवण्याचा निर्णय त्या काळी तिच्या कलामूल्यावर क्वचितच झाला. फिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरता येत, आणि घरोघरी प्रती विकता येतील ही कल्पनाच नसल्यामुळे पुनर्मूल्य असे काही नव्हते. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या प्रतींमुळे पुष्कळ नाट्ये योगायोगाने बचावली. तबकडीच्या विक्रीने पुढे जतनाला आर्थिक कारण दिले, हा तिचा एक उपकार मानावा लागेल.

६

भारतात या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी आणि 'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली, तेव्हा बहुसंख्य घरांत दूरदर्शनखेरीज दुसरी वाहिनी नव्हती. संच चालू असणे म्हणजेच ती मालिका पाहणे होते. निवडीला वावच नसल्यामुळे वाट्याचा आकडा पसंतीविषयी फारसे काही सांगू शकत नव्हता. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात 'रामायण' पुनःप्रक्षेपित झाले, आणि १६ एप्रिल रोजी ते ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. त्या वेळी वाहिन्या शेकडो होत्या. पण माणसे घरातच होती. संख्या मोठी असली तरी ती कोणत्या परिस्थितीत जन्मली हे तिच्या पोटात लिहिलेले नसते.

१९८८ मध्ये भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या 'तमस' मालिकेचे प्रक्षेपण थांबवावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेण्यात आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका पाहिली आणि मगच प्रक्षेपणाच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका उचलून धरली. सुट्या भागावरून संपूर्ण कृतीचा निवाडा करता येत नाही, हे तत्त्व साहित्यसमीक्षेत जुनेच आहे. दूरचित्रवाणी-नाट्याच्या बाबतीत ते न्यायासनाने आचरणात आणले, त्या वेळी सामान्य समीक्षकापाशी ते आचरण्याचे साधन नव्हते.

ते साधन तबकडीने दिले, आणि आता तेच मागे पडत आहे. टपालाने तबकड्या पाठवून १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये ती सेवा बंद केली. आंतरजालावरून घरी येणाऱ्या नाट्याची संख्याही पूर्वीसारखी राहिलेली नाही. याच संस्थेने काही काळ एका भागाचा ७० टक्के अंश पाहणाऱ्याला प्रेक्षक मानले. २०२० च्या आरंभापासून दोन मिनिटे पाहणाऱ्यालाही मानले. २०२१ पासून एकूण तास मोजले. आणि २०२३ मध्ये त्या तासांना कृतीच्या लांबीने भागावयास प्रारंभ केला. चार व्याख्यांतून आलेले आकडे एका रांगेत मांडणे म्हणजे मैल आणि कोस यांची बेरीज करणे होय.

संख्येहून अधिक चिंता पाठाची आहे. 'विलो' ही २०२२ ची मालिका मे २०२३ मध्ये तिच्याच संस्थेने आपल्या सेवेवरून काढून टाकली. तिची तबकडी निघालेली नव्हती. 'वेस्टवर्ल्ड' ही मालिका डिसेंबर २०२२ मध्ये अशीच एचबीओच्या सेवेवरून गेली. पण तिच्या चारही पर्वांच्या तबकड्या निघालेल्या होत्या, म्हणून अभ्यासकाचा मार्ग खुंटला नाही. या दोहोंतील अंतर हे कलेच्या दर्जाचे अंतर नव्हे, प्रत असण्या-नसण्याचे आहे.

यावरून काही साध्या अपेक्षा निष्पन्न होतात. दूरचित्रवाणी-नाट्यावर लिहिताना प्रेक्षकसंख्या उद्धृत करावयाची असेल, तर ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या व्याख्येने काढली ते सांगितले जावे. विवेचन ज्या प्रतीवर आधारलेले आहे तिचे वर्ष आणि स्वरूप नोंदविले जावे. आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी, विशेषतः जेथे कादंबऱ्यांची दूरचित्रवाणी-रूपांतरे अभ्यासिली जातात तेथे, उपलब्ध तबकड्यांचा संग्रह ग्रंथसंग्रहाइतक्याच आस्थेने करावा. आज ज्या तबकड्या निरुपयोगी म्हणून निकालात काढल्या जात आहेत, त्यांपैकी काही उद्या एकमेव हस्तलिखिताच्या योग्यतेच्या ठरण्याचा संभव आहे.